फळीवरून खाली उतरलेली मूठ

मित्रांनो, मी गिअरच्या दांड्यावरची मूठ आहे आणि जन्मतःच नापास आहे. चाकणच्या एका कारखान्यात माझ्या डोक्यावरचे आकडे तिरपे छापले गेले. गाडी काही मिळाली नाही. मिळाला तो नापास मालाचा लाल क्रेट.

तिथून मला क्वालिटीच्या रश्मी मॅडमनी उचललं. सकाळच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब प्रभाकर सर बोलत, उरलेल्या वेळात मशिनवरचा सनी बोले, आणि बीडकडचा नवनाथ घसा खाकरेपर्यंत मीटिंग संपे. मॅडमनी नियम केला : ज्याच्या हाती मूठ, त्यानेच बोलायचं. बोलायचं नसेल तर पुढे द्यायची, आणि का ते कोणी विचारायचं नाही.

माझं फार कौतुक झालं. तेच नडलं. खंडेनवमीला मशिनं धुतली, झेंडू लावले आणि सनीने मलाही हळदकुंकू वाहून गणपतीच्या फोटोशेजारी फळीवर बसवलं. मग देवाच्या वस्तूला ऑइलचे हात लावायचे कसे? सगळे मला लांबूनच नमस्कार करू लागले, आणि प्रभाकर सर पुन्हा एकटेच बोलू लागले.

एके दिवशी ते म्हणाले, "रविवारी सगळ्यांनी कामावर यायचंय. कोणाची हरकत नाही ना? व्हेरी गुड."

"सर, ते..." नवनाथने सुरुवात केली.

"सर, नाश्त्याला वडापाव नको राव, मिसळ सांगा!" सनी मध्येच म्हणाला. चर्चा मिसळीवर गेली. नवनाथने मान खाली घातली.

रश्मी मॅडम उठल्या. त्यांनी बूट काढले, मला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी उचलून नवनाथच्या हातात दिलं. प्रभाकर सरांनी बोलायला तोंड उघडलं होतं. माझं कुंकू पाहून त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"बोल निवांत," मॅडम म्हणाल्या.

नवनाथने मला बराच वेळ फिरवलं. "सर, रविवारी रंभाचा, म्हंजी बहिणीचा, साखरपुडा हाय गावाकडं. वडील न्हाईत. पाहुण्यांपुढं मलाच बसावं लागतंय."

"अरे, मग आधी बोलायचं नाही का? मी काय वाघ..."

"सर," सनी हळूच म्हणाला, "मूठ त्याच्याकडंय."

सर गप्प बसले. त्यांच्या नोकरीत हे प्रथमच घडत असावं.

नवनाथने मला सनीकडे दिलं. "भावा, जा तू. तुझं मशीनपण मी बघतो," सनी म्हणाला. "पण सर, मिसळ पाहिजेच." सरांनी दोन्हीला मान डोलावली. मग सनीशेजारच्या विजयश्रीने मला घेतलं, क्षणभर धरलं आणि काही न बोलता पुढे दिलं. कोणी कारण विचारलं नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं.

आता माझं कुंकू पुसलं गेलंय, अंगाला ऑइलचा वास येतो. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, तर तिची पूजा करू नका. ती हातोहात फिरू द्या. आणि जो तिला धरून नुसताच बसेल, त्याच्याकडे टक लावून पाहू नका. तो शब्दांची जुळवाजुळव करत असेल.