चौथ्या ओळीतली मुलगी

"काकू, उघडलं!"

ग्रंथपाल बाई जवळजवळ ओरडल्याच. महाविद्यालयाच्या वाचनकक्षात शांतता राखावी ही पाटी त्यांच्याच अक्षरातली. पण ऐकायला होतं कोण? छापील नियतकालिकं बंद झाल्यापासून मांडण्या रिकाम्या पडल्या होत्या आणि माणसं आपापल्या खोलीत बसून पडद्यावरच वाचायची.

काकू समोरच्या बाकावरून लगबगीनं उठल्या. तीन महिने त्या दर मंगळवारी येत होत्या. नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. "जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली," त्या म्हणायच्या, "आणि मला मेला एक लेख कोणी जोडून देईना."

लेख सात वर्षांपूर्वीचा. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजारावरचं एक नवं औषध नऊ जणांना देऊन पाहिलं होतं. त्यांतली एक काकूंची मुलगी, एकोणीस वर्षांची. घरात तिला वकील म्हणायचे. संमतीच्या कागदातली ओळ न् ओळ वाचून तिनं डॉक्टरांना बजावलं होतं, "छापून आलं की मला पाठवायचं हं. मी चुका काढणार."

ते तिला कोणी पाठवलं नाही. ती राहिलीही नाही.

महाविद्यालयानं वर्गणी बंद केल्यामुळे लेखाच्या जागी नुसता सारांश दिसायचा आणि त्याखाली कुलूप. ग्रंथपाल बाईंनी ओळखीच्या चार ठिकाणी शब्द टाकून पाहिला, मुख्य लेखकालाही लिहिलं. कुठूनच काही हाती लागलं नाही. आणि आज प्रकाशकानं पाच वर्षांपलीकडचे सगळे अंक जगाला खुले केले होते.

अकरा पानं छापून आली. बाईंनी ती टाचून काकूंपुढे ठेवली आणि त्या पाण्याचा पेला भरायला म्हणून मुद्दाम बाजूला गेल्या. परतल्या तेव्हा काकूंचं बोट तक्त्यातल्या चौथ्या ओळीवर थांबलं होतं.

"मॅडम, माझं इंग्रजी कामापुरतं. हे जरा बघता का?"

बाईंनी वाकून वाचलं. रुग्ण चार, स्त्री, वय एकोणीस. अठराव्या आठवड्यापर्यंत चांगली सुधारणा. त्यानंतर संपर्क तुटला.

"म्हणजे... तुम्ही नंतर गेला नाहीत तिकडे?"

"गेले नाही?" काकूंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एकविसाव्या आठवड्यात ती गेली. तेराव्याचं आटोपलं आणि चौदाव्या दिवशी मी दाखला घेऊन त्यांच्या दारात. माझ्या प्रतीवर पोच आहे. शिक्क्यासकट."

बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि उलटलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. निष्कर्षात लिहिलं होतं: चोवीस आठवड्यांच्या अभ्यासकाळात एकही मृत्यू नोंदला गेला नाही. औषध सुरक्षित दिसते.

काकूंनीही ते वाचलं. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

"दुरुस्ती होते काकू," बाई घाईनं म्हणाल्या. "अशा चुका सुधारतात. त्याला रीत असते."

त्याच दिवशी दोघींनी मिळून प्रकाशकाकडे दुरुस्तीचा अर्ज भरला. दाखला जोडला, पोच जोडली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. भाषा अतिशय सौजन्याची. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तथापि दुरुस्तीसाठी मुख्य लेखकाची संमती लागते. लेखकाशी संपर्क होऊ शकलेला नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

बाईंनी पुन्हा लिहिलं, थोडं तिखट. तेच उत्तर शब्दशः परत आलं. रुग्णालयाला फोन केला, तर तो विभागच दुसऱ्या संस्थेत गेला होता आणि जुनी कागदपत्रं कुठं आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या मंगळवारी काकू आल्या. बाईंनी सगळं सांगितलं. नजर मात्र कीबोर्डवरच ठेवली. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, समोरचा माणूस बोलत असताना टेलिफोनवर 'हं, हं' करावं तशा.

"हा आकडा कसला?" पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"किती जणांनी लेख उतरवून घेतला त्याचा."

"कुलूप होतं तेव्हा किती होता?"

बाईंनी शोधलं. "सात वर्षांत दोनशे चौदा."

"आणि आता?"

"तीन हजारांवर गेलाय."

काकू आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "यांत डॉक्टर असतील. एखादी आईसुद्धा असेल, नाही का? माझ्यासारखी खेटे घालणारी. तिला वाटेल, नऊच्या नऊ जगली."

बाईंनी तक्त्याचं पान परत पडद्यावर आणलं.

"मॅडम, या लेखाला पुन्हा कुलूप लावायचं असेल तर कोणाला लिहायचं?"

बाईंनी नवं पत्र उघडलं. 'प्रति,' असं टाइप केलं आणि त्यांची बोटं तिथंच थांबली. काकूंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्या पुढची ओळ उमटण्याची वाट बघत बसल्या.