मागच्या खोलीतलं बोलणं

शहाडच्या त्या ख्रिस्ती मंडळीत जनाबाईंना सगळे आई म्हणत. घरोघर फिरून त्यांनीच बायका जमवल्या, त्यातून मंडळी उभी राहिली. अर्धांगवायूने त्या आडव्या झाल्या, तेव्हापासून दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना होई. त्यांचं हगणंमुतणं मात्र त्यांची सून वर्षाली काढी.

वर्षालीचा नवरा दर्शन वागळे इस्टेटमध्ये कामाला. सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. आल्यावर आईच्या उशाशी बसून बायबल वाचायचा. “मुलगा असावा तर असा,” बायका म्हणायच्या. जनाबाईंचं अर्धं अंग गेलं होतं, जीभ नव्हती गेली. चादर बदलताना म्हणायच्या, “मन लावून कर. देव बघतोय.”

एका दुपारी नुकतीच घातलेली चादर पुन्हा घाण झाली. वर्षाली उशी हातात घेऊन सासूच्या तोंडाशी उभी राहिली. जनाबाईंचे डोळे मिटलेले. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने उशी खाली टाकली, मोरीत गेली, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून रडली.

हे तिने फक्त क्षिप्राला सांगितलं. क्षिप्रा डोंबिवलीची. बायबलच्या आधाराने समुपदेशन कसं करायचं ते रीतसर शिकून आलेली. उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत बायकांशी बोलायची. पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “इथलं बोलणं इथेच राहील.”

वर्षालीला वाटलं, आता ही वचनं ऐकवेल, उपास करायला लावेल. क्षिप्राने पुस्तक उघडलंच नाही. एवढंच विचारलं, “सलग झोप कधी झालीय तुझी?”

वर्षालीला आठवेना. आठवेना म्हणूनच तिचा बांध फुटला.

तिला रडून घेऊ दिल्यावर क्षिप्रा म्हणाली, “मनात आलं ते पापच गं. त्याला दुसरं नाव नको देऊया. पण ते तू देवापुढे ठेवलंस, त्याने क्षमा केली, तिथे ते संपलं. राहिलं ओझं. ते एकटीने वाहायचं नसतं, मंडळीने मिळून उचलायचं असतं.”

आणि खरंच, रमाबाई आणि शांताबाई आळीपाळीने दुपारी येऊन बसू लागल्या. वर्षाली चटईवर पडायची ती मेल्यासारखी झोपायची. एकदा सासूची वेणी घालताना ती चक्क गुणगुणली. जनाबाई म्हणाल्या, “आज हात हलका लागतोय तुझा.” सासूच्या तोंडून एवढं कौतुक तिने कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी पास्टर सहदेव मनातल्या पापावर बोलत होते. बोलता बोलता आवाज चढला. “आपल्यातल्याच एका बहिणीने अंथरुणावरच्या म्हाताऱ्या जिवावर उशी धरली होती! प्रभूने तिचा हात आवरला! तिच्यासाठी प्रार्थना करूया.”

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस त्या मंडळीत एकच होतं. माना वळू लागल्या. बाकावर वर्षालीच्या हाताशेजारी दर्शनचा हात होता, तो त्याने उचलून मांडीवर घेतला.

घरी आल्याआल्या त्याने विचारलं, “खरं आहे?”

“धरली नव्हती. हातात होती फक्त.”

“माझ्या आईवर?”

“तुमच्या आईवरच. दिवसभर दुसरं कोण असतं माझ्यासोबत?”

संध्याकाळच्या आत त्याने आईला शीळफाट्याला आपल्या बहिणीकडे हलवलं. भेटायला यायचं म्हटलं की रमाबाईंचे गुडघे दुखू लागले. शांताबाई रस्त्यात दिसल्या की पलीकडून जाऊ लागल्या. जनाबाई लेकीकडेच वारल्या, झोपेत. शेवटची आंघोळ घालायला वर्षाली पुढे झाली, तर नणंदेने दार अडवलं. “तू हात लावू नकोस.” इतकी वर्षं जे शरीर तिने धुतलं, पुसलं, कुशीवर वळवलं, त्याला शेवटचं पाणी परक्या बायकांनी घातलं.

दफन झाल्यावर क्षिप्रा घरी आली. दारातच बोलू लागली. “दुपारच्या पाळ्या लावायला पास्टरांना विचारावं लागलं गं. त्यांनी कारण विचारलं. एवढी घाई कशाला म्हणाले, म्हणून मी...”

“सांगितलंस.”

“मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, शास्त्र आपापलं पाप कबूल करायला सांगतं, दुसऱ्याचं नाही. ते म्हणाले, मी नाव कुठे घेतलं? मी ते काम सोडलं, वर्षाली.”

“म्हणजे आता मागच्या खोलीत कोणीच बसत नाही.”

क्षिप्रा म्हणाली, “प्रार्थना करूया का दोघी?”

“नको,” वर्षाली म्हणाली. “त्याच्याशी मी बोलते. तो निदान कोणाला जाऊन सांगत नाही.”

आता ती कल्याणच्या एका चर्चमध्ये जाते, एकटीच. दर्शन शहाडलाच जातो. उपासना सुटल्यावर कल्याणच्या बायका आपुलकीने जवळ येतात, हात हातात घेतात, तुझ्यासाठी काही प्रार्थना करायची आहे का विचारतात. वर्षाली हात सोडवून घेत हसते.

“सगळं ठीक आहे,” म्हणते.