घाटातला हात

बसा पावणं, त्या गुळाच्या रव्यांच्या थप्पीवर बसा. पोतं टाकलंय, गूळ चिकटत न्हाय. तुमची मिरजेची गाडी अजून लागली न्हाय आन् आमचा मालाचा डबा बी आला न्हाय. मगाशी च्याच्या गाड्यावर तुमी कुणाला तरी सांगत हुतासा, की गोव्याची गाडी चालू हुती तवा कापडाच्या धंद्यापायी बायकापोरं घेऊन तिकडं जात हुतो म्हणून. माझ्या कानावर पडलं आन् मी हातातला कप तसाच ठेवून तुमच्या मागनं आलो. एक गोष्ट सांगतो. सुरवातीला हसू येईल तुमास्नी. येऊ द्या. म्होरं येणार न्हाय.

मी जोतीराम. मंगळवार पेठेत ऱ्हातो, हितं टेसणात मालाच्या डब्यात गूळ भरतो. साळंचं म्हणाल तर मास्तरानं कान धरून भाईर काढला, त्यो परत आत गेलो न्हाय. मला पाठची एकच बहीण, चिमणाबाई. हातकणंगल्याच्या पलीकडं दिली. नवरा कृष्णात. ऊस हाय, दोन म्हसरं हाईत, मानूस सोन्यासारखा. घरात त्येची आई, तिला समदं गाव आक्का म्हणतंय. पोरबाळ न्हाय.

ह्यो कृष्णात लगनाआधी एक पावसाळा कॅसलरॉकच्या घाटात रुळावरची दरड काढायला हुता. तिथनं बाकीची गडीमाणसं पैसं घेऊन आली, खोकला घेऊन आली. ह्यो एक धबधबा घेऊन आला. ज्येला त्येला सांगायचा, डोंगराच्या शेंड्यावरनं दुधासारखं पाणी पडतंय आन् त्येच्या पोटातनं आगीनगाडी जाती. चिमणी म्हणायची, पाण्यातनं गाडी जाती तर इंजनातला इस्तू कसा विझत न्हाय? झालं. रोजचा खेळ. जेवायला बसलं की धबधबा, म्हसरं धुवायला गेली की धबधबा. एक दिस त्येनं ताट सारलं आन् म्हणला, तुला दावल्याबिगर मी गप बसत न्हाय.

पण पावणं, आमच्यात नवराबायकू नुसतं बगायला कुठं जात न्हाईत. जत्रंला जात्यात, लगनाला जात्यात, मयताला जात्यात. पडतं पाणी बगाय गेल्यात म्हणलं तर गाव इचारणार, आमच्या राधानगरीला काय तेल पडतंय व्हय? म्हणून कृष्णातनं आक्काला सांगितलं, गोव्यात एक देवी हाय, पोराच्या नवसाला पावती. आक्कानं लगेच नारळ दिला, खण दिला, वाटंला दशम्या दिल्या. खरं काय ते चिमणीनं मला एकट्याला सांगितलं. मी म्हणलो, जावा की. देवी बी कवातरी पाणी बगाय जात आसंल.

पंचमी झाल्यावर निघाली. हातकणंगल्याच्या टेसणात कृष्णातचा चुलता भेटला. आता चुलतसासऱ्याच्या म्होरं नवऱ्याजवळ कशी बसणार? चिमणी जाऊन बसली बायकांच्या डब्यात. मिरजंला गाडी बदलली, चुलता गेला त्येच्या वाटंनं, तरी बाई परत बायकांच्याच डब्यात. सवय, दुसरं काय? कृष्णात खिडकीपाशी आला आन् म्हणला, लोंढा आलं की मी येतो, तवर जागा सोडू नगं. तिनं ते गाठीला बांधलं.

लोंढ्याला काय करत्यात तुमास्नी ठावं हाय. गाडीचं दोन तुकडं करत्यात. एक जातंय हुबळीला, एक गोव्याला. कृष्णात च्या घ्यायला उतरला. माघारी येऊन बगतोय तर बायकांचा डबा हाय त्या जागंला न्हाय. तोडून पलीकडच्या रुळावर गोव्याच्या इंजनाला लावलेला, आन् ह्यो हुबळीच्या तुकड्याला खिडक्या धुंडत पळतोय. आता तुमी म्हणाल, नाव घेऊन हाक मारायची. चारचौघांत बायकूचं नाव कोण घेतंय हो आमच्यात? ह्यो आपला "अगं ए, ऐकलंस का" करत पळतोय. खिडक्या-खिडक्यांतनं बायका तोंडं काढाय लागल्या. एक म्हातारी म्हणली, ऐकलं बाबा, काय पायजे?

चिमणीनं बी ती हाक ऐकली. पण तिला वाटलं, कुणाचा तरी नवरा कुणाला तरी हाका मारतोय. समद्यांचंच नवरं तसंच हाका मारत्यात. आन् जागा सोडू नगं म्हणून सांगितलेलं.

कृष्णातनं एका हमालाला धरलं. हमाल म्हणला, बायकांचा डबा हुबळीला जातोय. दोन्ही इंजनांनी शिट्टी दिली. एक हिकडं निघाली, एक तिकडं. ह्येनं हुबळीची धरली. झाली चूक, काय करायचं. धारवाडात उतरून डबा न् डबा बगितला. मग टेसणात एका बाकड्यावर डोकं धरून बसला, आन् पोलिसानं इचारलं तर कानडीत काय सांगावं हे बी त्येला कळंना.

आन् चिमणी घाटात. आता मी सांगतो ते तिच्या तोंडचं हाय, नीट ऐका. ती म्हणती, दादा, गाडी वळणाला लागली की आपलीच गाडी आपल्याला म्होरं दिसती. इंजान दिसतंय, डबं दिसत्यात. मला वाटलं हे म्होरच्या डब्यात बसल्यात. म्हणून खिडकीतनं हात भाईर काढला आन् हलवला. तर म्होरच्या डब्यातनं बी एक हात भाईर आला आन् हलला. परत वळण आलं, परत मी हात केला, परत त्यो हात आला. बोगदा आला की न्हाईसा व्हायचा, बोगद्याच्या भाईर आलो की दिसायचा. आन् धबधबा आला तवा त्या हातानं वर बोट केलं. बग म्हणून. मी बगितलं. तोंडावर पाणी आलं, पदर भिजला, आन् मी येड्यागत एकटीच हसत बसले. डब्यातल्या बायकांना वाटलं हिला काय झालं.

एवढं सांगताना आदी ती हसायची. आता न्हाय हसत.

घाट उतरला की गोव्याच्या शिवंवर कुळ्याचं टेसण, तिथं पोर्तुगीजांची झडती. समदी माणसं खाली उतरवली. तिथं नवरा न्हाय. सायेब इचारतोय नवऱ्याचं नाव काय, ही तोंड फिरवून हुबी. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी हुतंय, आसं तिच्या सासूनं शिकवलेलं. शेवटी टेसणातल्या एका कामगाराच्या बायकूनं तिला घरात घेतलं. किरिस्ताव बाई, पण मायाळू. कृष्णात हुडकत हुडकत तिथं पोचला तवा ही तिच्या चुलीम्होरं भाकरी थापत बसलेली. आक्कानं दिलेला नारळ त्या बाईनं माशाच्या कालवणात वाटला हुता. चिमणी म्हणली, तिनं जीव लावला, मी काय देणार तिला? नारळ हुता त्यो दिला.

येताना दोघं एका बाकड्यावर शेजारी बसली. लगनात बसलेली तेवढीच, त्यानंतर पयल्यांदा. पण घाटात आसं धुकं, की खिडकीतनं हात काढला तर बोटं दिसंनात. पाण्याचा नुसता आवाज. कृष्णातनं इचारलं, मी सांगत हुतो तसाच हाय का? ती म्हणली, तुमी दावलासा तसाच. त्यो म्हणला, मी कुठं दावला, मी धारवाडात. मग तिनं हाताचं सांगितलं. दोघंबी पोट धरून हसली. मिरजंपतोर हसत आली.

घरी आल्यावर आक्कानं अंगारा मागितला. अंगारा न्हाय, परसाद न्हाय, नारळ माशात गेलेला. कृष्णातला खरं सांगायला लागलं. आक्का पाठ फिरवून चुलीम्होरं बसली. तिला हसवायला म्हणून, पावणं, माझ्या येड्या बहिणीनं तिला त्यो हात सांगितला. शेजारच्या दोघी बायका बी बसल्या हुत्या.

आक्का हसली न्हाय. तिनं एवढंच इचारलं, "कुणाचा हात?"

त्या दिवसापास्नं गावाला दुसरा धंदा उरला न्हाय. पाणवठ्यावर पोरी एकमेकींना हात हलवून दावायच्या. गुऱ्हाळात गडी म्हणायचं, कृष्णाता, तुझा हात लई लांब हाय की, धारवाडातनं घाटात पोचतोय. त्यो आदी शिव्या द्यायचा. एकाला काठी बी घातली. मग गप झाला. आन् गप झाला ना, तिथंच इस्कटलं. एक दिस म्हशीची धार काढता काढता त्येनं इचारलं, त्या हातात बांगडी हुती का गं? ती म्हणली, ध्यान न्हाय. दुसऱ्या दिवशी, बाही हुती का? मग केस हुतं का? आंगठी हुती का? मारझोड न्हाय, आरडावरडा न्हाय. गरीब गाईगत इचारायचा. पोरीनं एकदा न्हाय म्हणलं, एकदा आसंल म्हणलं, एकदा रडली. मग त्यो म्हणाय लागला, काल न्हाय म्हणलीस, आज आसंल कसं काय म्हणतीस?

आक्कानं तिला चार दिस म्हायेरला जा म्हणून पाठवली. त्या चार दिसांला किती पावसाळं झालं बगा. मदी ती गाडी बी बंद झाली, पोर्तुगीजांची शिव बी बंद झाली. आता तिकडं जाऊन कुणाला इचारावं म्हणलं तर वाट न्हाय.

चिमणी माझ्याकडंच हाय. खाती, राबती, माझ्या बायकूसंगं तांदूळ निवडती. पण उजवा हात पदराखाली घेऊन बसती. बाजाराच्या दिवशी कृष्णात येतोय. उंबऱ्याच्या आत येत न्हाय. पायरीवर बसतो, पाणी पितो, आन् आत न बगता इचारतो, "आठवलं का काय?" आतनं ही म्हणती, "न्हाय." मग त्यो जरा येळ बसतो आन् जातो. गालफाडं बसल्यात त्येची. त्येला ती पायजे, पावणं. मला दिसतंय की. पण त्यो हात त्येच्या आन् तिच्या मदी आलाय आन् त्यो काय बाजूला हुईना. आन् पोरीचं काय झालंय सांगू? आता तिलाच आठवंना झालंय. कवा म्हणती बारका हात हुता, कवा म्हणती केसाळ हुता. परवा म्हणली, दादा, हात हुताच न्हाय का काय?  मी भाईर जाऊन बिडी वडली.

मी एकदा कृष्णातला म्हणलो, कुणाचं तरी पोर आसंल, पोरांना खोड आसती. त्येनं माझ्याकडं बगितलं आन् म्हणला, "तुमी हुता का तिथं?"  मी कुठं हुतो? मी हितं गूळ भरत हुतो.

आता आक्कानं दुसरी पोरगी ठरवलीया. पयली असताना दुसरी करायला कायदा आडवा येतोय, म्हणून सोडचिठ्ठीवर चिमणीचा अंगठा पायजे. उद्या बाजार. कृष्णात उद्या त्यो कागद घेऊन यायचा हाय. चिमणीला कळलंय. सकाळपास्नं तिनं घर दोनदा सारवलं. मी कामाला निघालो तवा म्हणली, दादा, अंगठा उजव्या हाताचा लागतोय का डाव्या? एवढंच इचारलं तिनं.

आता ऐका. तुमी त्या गाडीनं जात हुतासा. त्याच दिसाला गेला नसालसा, मला ठावं हाय, एवढा मी येडा न्हाय. पण त्या वाटंला हुतासा. घाट बगितलाय, बोगदं बगितल्यात, कुळ्याची झडती बगितलीया. कृष्णातनं काय बी इचारलं तरी तुमास्नी सांगता येतंय. आन् तुमची लेक दुसरीत हाय म्हणत हुतासा. तवा मांडीवर आसंल, खिडकीपाशी. खिडकीतनं हात भाईर काढत न्हाय आसं कुठलं लेकरू हाय?

तुमची गाडी हातकणंगल्याला थांबती. माझ्यासंगं तिथं उतरा. कृष्णातचं रान टेसणापास्नं लांब न्हाय, ह्या येळेला उसातच आसतोय. मागल्या गाडीनं मिरजंला पोचालसा, तुमचं गठुळं मी वाहतो. त्येच्या म्होरं हुबं ऱ्हावा आन् सांगा, की त्यो तुमच्या लेकीचा हात हुता. तुमास्नी खोटं बोलायचं जड जात आसंल तर बोलू बी नका. मी बोलतो. त्यो तुमच्या तोंडाकडं बगंल, तवा फकस्त एकदा मान हलवा.

ती बगा, गाडी लागली. उठताय न्हवं, पावणं?