उजवीकडचं सगळं बरोबर

"माझी चूक सापडली तर गुपचूप सुधारू नकोस. माझ्याकडे परत पाठव," असं टिंबताईंनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. टिंबताई आणि चूक? दोघींची कधी गाठ पडेल असं तिला वाटलंच नव्हतं.

दोघींचं काम बाहेरच्यांना सांगायला गेलं की समोरच्याला जांभई यायची. शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहितात आणि शेवटी संदर्भांची यादी जोडतात: कोणाचं संशोधन वाचलं, ते कुठे छापलं, कोणत्या साली. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा निराळी. कुणाला साल कंसात हवं, कुणाला शेवटी. शास्त्रज्ञ मंडळी यातून हात झटकून मोकळी होत आणि याद्या या दोघींच्या गळ्यात पडत. आळीपाळीने एकीने मांडायची, दुसरीने तपासायची. निवृत्तीला आलेल्या ताईंची नजर अशी, की एक टिंब राहिलं तरी यादी परत. त्यावरूनच ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. टिंब तर टिंब, निदान प्रश्नचिन्ह तरी नाही म्हणालात, असं म्हणायच्या.

पुढे ऑफिसने सगळ्यांना घरूनच काम करायला लावलं. ताई आपल्या दोन खोल्यांत एकट्या, आणि ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, पायाशी तान्ही लेक. बाळंतपणानंतर हिला धड झोप नव्हती, तेव्हा ताईंनी हिच्या वाटच्या याद्याही चकार शब्द न काढता ओढल्या होत्या. ती ते विसरली नव्हती.

लेकीला पहिला दात फुटला त्या सुमारास ताईंच्या यादीत पहिली चूक दिसली. एक आडनाव अर्धवट राहिलं होतं. मग आणखी काही. साल, पानं, अंक सगळं चोख. घोळ फक्त ओळीच्या सुरुवातीला, नावांत. यादी परत पाठवली की चुकीची नोंद थेट साहेबांच्या पडद्यावर उमटणार, आणि साहेब माणसं कमी करायला टपलेलेच होते. नोकरी गेली तर ताईंना विचारणारं कोण होतं? तिने नावं स्वतःच नीट केली आणि यादी पुढे ढकलली. मग तो रोजचाच परिपाठ झाला.

नवरा एकदा वैतागून म्हणाला, दुसऱ्यांची उष्टी किती दिवस काढणार आहेस? त्यांनी माझी काढली तेव्हा विचारलं होतंस का, म्हणून तिने त्याला गप्प केलं.

ताई फोनवर नेहमीसारख्याच बोलायच्या. हल्ली घर आक्रसलंय, येता-जाता चौकट डाव्या खांद्याला लागते, असं सांगायच्या. ही म्हणाली, घर नाही ताई, तुम्हीच सुटलायत. दोघी पोट धरून हसल्या.

एका सकाळी आलेल्या यादीत मात्र प्रत्येक ओळीचा सुरुवातीचा अर्धा भाग शास्त्रज्ञाने लिहून पाठवला होता तसाच राहिला होता. तिथून पुढे सगळं बरोबर. जणू कुणीतरी पानाच्या मधोमध पडदा ओढला होता. तिने लेकीला कडेवर घेतलं आणि तडक ताईंचं घर गाठलं.

ताईंनी हसून दार उघडलं. केस उजव्या बाजूचे चापूनचोपून विंचरलेले, डाव्या बाजूचे झोपेतून उठल्यासारखे. ताई खुर्चीत बसल्या. हिने लेकीला खाली सोडलं.

"बरं झालं आलीस. पिल्लू कुठेय? घरी ठेवलंस?"

लेक त्यांच्या डाव्या हाताशी उभी होती, त्यांच्या गाऊनची कड मुठीत धरून.

"ताई, ती तुमच्यापाशीच आहे."

ताईंनी उजवीकडे पाहिलं. मग पुन्हा उजवीकडेच पाहिलं. "म्हातारीची चेष्टा करतेस होय गं," त्या म्हणाल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी फोटो दाखवला. मेंदूच्या उजव्या बाजूला, डावीकडचं भान जिथून येतं तिथेच, गाठ होती. डोळे शाबूत होते. पण आपल्याला डावी बाजू आहे, हेच अशा माणसाला उमगत नाही, मग तो तक्रार तरी कसली करणार, असं त्यांनी समजावलं. आणि विचारलं, हे केव्हापासून?

लेकीला पहिला दात आला तेव्हापासून, ती म्हणाली. लेक आता बाकाला धरून पावलं टाकत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. तेव्हा गाठ कदाचित काढता आली असती, म्हणाले. आता हात लावणं अवघड आहे. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ताई खाटेवर पडल्या पडल्या काम मागत. शेवटी तिने त्यांचीच एक जुनी, न सुधारलेली यादी छापून नेली आणि कागद त्यांच्या उजवीकडे, अगदी टोकाला धरला. तिथे त्यांना सगळं दिसलं. त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"आडनाव अर्धं आहे. कुणी केलंय हे?"

"मी, ताई."

"लक्ष कुठे असतं तुझं?"

ताई आता फारशा बोलत नाहीत. तुम्ही इथवर वाचलंत, तर तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. एकटं राहणारं असं कोणी तुमच्या ओळखीत असेल, ज्याचं काम हल्ली तुम्ही न बोलता निस्तरत असाल, तर आज त्यांच्याकडे जाऊन या. फोन नको, फोनवर ते हसतीलच. समोर बसा, आणि नीट बघा.