शहाण्णव भोकं

नियमकाकांचा मेहुणा कामाला चोख होता. त्याच्यात दोष एकच, तो नियमकाकांचा मेहुणा होता.

बिल्डिंग जुनी, तीन मजल्यांची, बारा घरांची. खिडक्यांच्या चौकटी आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या सांध्यांत कधीकाळी भरलेलं सीलंट वाळून तडकलं होतं. बोट लावलं की तुकडा हातात यायचा. पाऊस लागला की त्या फटींतून पाणी आत शिरायचं आणि भिंती फुगायच्या. बारा घरांतल्या शहाण्यांनी तीन वर्षं यावर मीटिंगा घेतल्या. एकाने सुचवलं, कपाटं भिंतीपासून हातभर लांब ठेवा. दुसऱ्याने सुचवलं, ओल दिसणारच नाही असा गडद रंग मारा. मग एकदा चेअरमनबाईंच्या खिडकीतून आलेलं पाणी थेट त्यांच्या नव्या गादीत मुरलं, आणि तीन वर्षांचा विषय तीन दिवसांत तातडीचा झाला.

कोटेशनं मागवली. बाकी सगळ्यांनी लिहिलं होतं, जुन्यावरच नवं मारून देऊ. मेहुण्याने लिहिलं, जुनं सगळं खरवडून काढणार, सांधा पुसून कोरडा करणार, मगच नवं भरणार. पंधरा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या हाताखाली दोराला लटकून हेच काम केलं होतं. स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच. समोरच्या दोन बिल्डिंगींनीही सांगून ठेवलं होतं की इथलं काम बघू, पसंत पडलं तर आमचंही तुलाच. म्हणजे त्याचं नाव होणार की बुडणार, हे या बारा घरांवर ठरणार होतं. ही गोष्ट त्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे काकूंना, रोज सकाळी डोळे उघडताच आठवायची.

नियमकाका सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं खरं नाव पोस्टमनशिवाय कोणाला आठवत नसे. मीटिंगमध्ये ते उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "एक बाब उघड करतो. सदर इसम माझा मेहुणा आहे. सबब मी मत देणार नाही. मात्र कामावर दुप्पट लक्ष ठेवीन."

टाळ्या पडल्या. काम मेहुण्याला मिळालं. काकूंना आनंद झालाच, पण ते 'सदर इसम' जरा लागलं.

दुप्पट लक्ष म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी बघितलं. काका अंगणात खुर्ची टाकून, गळ्यात दुर्बीण अडकवून बसले. वर मेहुणा आणि त्याची दोन माणसं दोरांना टांगलेल्या झुल्यावर उभी राहून सांधे खरवडताहेत आणि खालून काका ओरडताहेत, "तिसरा मजला, डावी खिडकी, वरचा कोपरा!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे शेळ्या वर होत्या आणि हाकणारा खाली.

चहाचाही नियम निघाला. काकू कप घेऊन जिन्याकडे निघाल्या तर काका आडवे आले.

"काम संपेपर्यंत तो कंत्राटदार आहे. आपण त्याला चहा पाजला की लोक म्हणतील साटंलोटं आहे."

"आणि सख्ख्या भावाला उन्हात तहानलेला ठेवला की काय म्हणतील?"

"निःपक्षपाती म्हणतील," काका म्हणाले. त्यांना हा शब्द फार आवडायचा.

मेहुण्याने वरून हे ऐकलं आणि हसला. "राहू दे ताई! काम होऊ दे, मग चहाच काय, पोटभर जेवूनच जाईन."

तेवीस दिवसांत काम संपलं. सांधे असे भरले होते की दुर्बिणीलाही खोट सापडेना. काका अस्वस्थ झाले. दुप्पट लक्ष ठेवूनही काहीच चूक निघाली नाही, तर लोक म्हणणार की मेहुणा म्हणून डोळेझाक केली! एके दिवशी सकाळी ते स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकून बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला घाम फुटला. चौकटीच्या खालच्या पट्टीवर, बाहेरच्या बाजूला, हरभऱ्याच्या डाळीएवढी दोन भोकं उघडी होती.

ते धावत बैठकीच्या खोलीत गेले. तिथेही दोन. बेडरूममध्ये दोन. प्रत्येक खिडकीला दोन-दोन. बारा घरांच्या अठ्ठेचाळीस खिडक्या. काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला. शहाण्णव भोकं! आणि हे बाहेर कळलं तर? सेक्रेटरीच्या मेहुण्याने शहाण्णव भोकं तशीच ठेवली आणि सेक्रेटरी दुर्बीण लावून बघत बसले. आयुष्यभर नाकाने कांदे सोलले, ते नाकच कापलं जायचं!

आता कोणीही साधा माणूस मेहुण्याला एक फोन करून विचारेल की बाबा रे, ही भोकं कसली. पण मेहुणा चौथीत शाळा सोडलेला, आणि काका कचेरीत बत्तीस वर्षं इतरांच्या चुका काढलेले. चूक समोर असताना विचारायचं काय? वॉचमनच्या खोलीत उरलेल्या सीलंटच्या दोन नळ्या आणि नळी दाबायची एक जुनी गन पडली होती. काकांनी ते सगळं कचेरीच्या पिशवीत टाकलं आणि 'अंतिम पाहणी'ला निघाले. प्रत्येक घरात खोलीचं दार आतून लावून घ्यायचे. "पाहणीत व्यत्यय नको," म्हणायचे. लोकांनी कौतुकाने दार लावू दिलं. दोन दिवसांत शहाण्णव भोकं बुजली. गन चालवून मनगट सुजलं, पण बारीक पट्टी फिरवून कड साफ करायची असते हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक ठिकाणी आपला अंगठाच दाबत गेले.

रात्री त्यांनी काकूंना हे सगळं छाती फुगवून सांगितलं. "तुझ्या भावाची अब्रू झाकली मी. कोणाला पत्ता लागू दिला नाही."

"त्याला विचारलंत का?"

"त्याला काय विचारायचं? तो काय सांगणार?"

काकूंना ते पटलं नाही. पण नवऱ्याने पहिल्यांदाच आपल्या भावासाठी काही केलं होतं, तेही मनगट सुजेपर्यंत. त्यांनी मनगटाला तेल चोळून दिलं.

तीन आठवड्यांनी वाऱ्यासकट पाऊस लागला, सलग दोन दिवस. भिंती खडखडीत कोरड्या राहिल्या. खिडक्या मात्र भरल्या. सरकत्या काचांच्या खालची पन्हळ काठोकाठ भरून पाणी आत सांडायला लागलं. बाराच्या बारा घरांत. पूर्वी निदान चार घरं सुटायची. चेअरमनबाईंची गादी पुन्हा भिजली, आणि या खेपेला तर ती गॅरंटीतही नव्हती.

खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून तातडीची सभा भरली. मेहुण्याला बोलावलं. त्याने कोणाशी वाद घातला नाही. तो आधी तळमजल्यावरच्या खिडकीशी गेला, वाकला, चौकटीच्या खालून बोट फिरवलं आणि सरळ झाला.

"ही भोकं बुजवली कोणी?"

"म्हणजे? बुजवायची नसतात?" चेअरमनबाईंनी विचारलं.

"पन्हळीत पाऊस येतोच हो. ते पाणी या भोकांतून बाहेर पडतं. खिडकी बनवणाराच ठेवतो ती. बुजवली की पाणी जाणार कुठे? आतच येणार."

"मग तुम्हीच बुजवली असणार. काम तुमचं होतं."

मेहुण्याने पुन्हा वाकून बघितलं. सीलंटवर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. त्याने त्यावर नख ओढलं आणि मान वळवली. इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन बसलेले भाऊजी पेनाच्या टोपणाकडे बघत होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मेहुणा काय ते समजला.

"आमच्याच माणसाकडून झालंय," तो म्हणाला. "मी उघडून देतो सगळी."

नियमकाकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी समोर बघितलं तर बारा घरांचे लोक बसलेले, आणि ते मूग गिळून गप्प बसले.

काकू गप्प बसल्या नाहीत. "आमचा माणूस म्हणजे हे!" त्या पुढे आल्या. "माझा नवरा! ती भोकं यांनी बुजवली. मला घरी येऊन सांगितलंय. माझ्या भावाचा यात काडीचा दोष नाही!"

 चेअरमनबाई समजुतीने हसल्या. "काकू, भावाची माया कळते आम्हाला. पण फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

"यांच्या."

"मग तुम्ही सभासद नाही. सेक्रेटरी, नियम काय म्हणतो?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकूंनीही बघितलं. नियम काकांना पाठ होता, आणि पाठ असलेली गोष्ट विचारली की त्यांचं तोंड आपोआप उघडायचं. "नियम चौदा," ते म्हणाले. "सभेत सभासदालाच बोलता येतं. इतरांच्या बोलण्याची नोंद होत नाही."

ठराव झाला की कंत्राटदाराने निष्काळजीपणा केला, त्याने भोकं उघडून द्यावी, आणि पुढे त्याला काम देऊ नये. काकांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. त्याखाली असंही लिहिलं: 'एका बिगर-सभासद महिलेने मत मांडले. नियमानुसार नोंद घेतली नाही.'

दुसऱ्या दिवशी ते इतिवृत्त नोटीसबोर्डावर लागलं. काकू भाजी आणायला गेल्या होत्या, त्या वाचून वर आल्या आणि पिशवी ओट्यावर आपटली.

"सत्तावीस वर्षं तुमच्यासाठी राबले मी, आणि आज तुमच्याच अक्षरात वाचलं मी कोण ते. बिगर-सभासद महिला! अहो, त्याने तुमच्यासाठी आपलं नाव मातीत घातलं, आणि तुम्ही त्याच्यावर ठराव लिहिलात? लाज वाटते मला तुमची."

त्या ढसाढसा रडल्या. काकांनी त्यांना असं रडताना त्यांचे वडील गेले तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आजच. त्यांना जेवण गेलं नाही. फाइल उघडली, बंद केली. कुठल्याही नियमात याचं उत्तर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दोन्ही बिल्डिंगींच्या वतीने त्यांतल्या एकीचे चेअरमन आले. रिटायर्ड हेडमास्तर, शांत माणूस. त्यांना इतिवृत्ताची प्रत हवी होती. मेहुणा बाहेर झुल्यावरून एकेक भोक उघडत होता, त्याच्या टोकदार पट्टीचा खरखर आवाज येत होता.

काकांनी प्रत दिली नाही. ते उभे राहिले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. "हे लिहिलंय ते खोटं आहे. भोकं मी बुजवली. माझ्या या हाताने. त्याचं काम उत्तम आहे. तुम्ही काम त्यालाच द्या."

 हेडमास्तरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"समजतो मी. मलाही बायको आहे, तिलाही भाऊ आहे."

"अहो, नाही! खरंच मीच! हवं तर ठसे बघा, माझा अंगठा आहे!"

"ठसे तर तो खरवडून काढतोय ना बाहेर. राहिलेत कुठे?" हेडमास्तर हळूच म्हणाले. "तुमच्यासारखा नियमाचा माणूस मेहुण्यासाठी एवढं खोटं बोलतो, याचंच मला नवल वाटतं. वाईट वाटून घेऊ नका, पण आम्ही काम दुसऱ्याला देतोय."

ते नमस्कार करून गेले. काका दारातच उभे राहिले. वळले तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या.

"ऐकलंस ना? सगळं खरं सांगितलं मी. विश्वासच ठेवत नाही तो माणूस!"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "खरं बोलून कोणी ऐकून घेत नाही, तेव्हा असंच वाटतं. मला परवा वाटलं."

खिडकीबाहेरची खरखर थांबली. झुला हलल्याचा आवाज आला, आणि काचेशी मेहुण्याचा धुळीने माखलेला, हसरा चेहरा आला.

"ताई, समोरचे मास्तर येऊन गेले ना आत्ता? काय म्हणाले?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं.

"हे सांगतील तुला," त्या म्हणाल्या.

नियमकाका खिडकीपाशी गेले.