वकीलसाहेबांचा पुढे आलेला हात

मी शाळेत गणित शिकवतो. सव्वीस वर्षं उत्तरपत्रिका तपासून मला एक खोड जडली आहे. पायरी पटली की तोंडातून "बरोबर" निघतं. परवा कांदा चिरताना निघालं, तर बायको म्हणाली, "अहो, त्याला मार्क कसले देताय?"

बुद्धिबळाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझी गाठ वकीलसाहेबांशी पडली. त्यांचं रेटिंग दोन हजार एकशे ऐंशी, माझं चौदाशे बारा. अकरा वर्षांत मी एकाही बड्या खेळाडूला हरवलेलं नव्हतं. निघताना बायको म्हणाली होती, "एकदा तरी कुणाला हरवून या. मग बंद करा वाटल्यास."

साहेब माझ्याकडे न बघताच खेळत होते. तिसाव्या खेळीला त्यांचा घोडा पटाच्या कोपऱ्यात अडकला. मी बावीस मिनिटं हिशेब केला. घोडा जात होता, नक्की जात होता. मी हत्ती सरकवला, घड्याळाकडे हात नेला आणि पुटपुटलो, "बरोबर."

साहेबांनी ताडकन हात पुढे केला. "बरोबरी? मान्य!"

शब्दात पकडणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा.

पंच चार पावलांवर उभे होते. "मी तसं म्हणालो नाही" एवढंच सांगायचं होतं. वर्गात मी पोरांना अर्ध्या मार्कासाठी तासभर भांडू देतो. पण तो हात बघून मला राग आला नाही. सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या वीस खेळ्या नकोत, त्यात कुठेतरी माती खाणं नको. मी हात मिळवला.

"वकिलांना रोखलंत की, सर!" म्हणत लोक पाठ थोपटून गेले. साहेब दाराशी थांबून हळूच म्हणाले, "घोडा गेलाच होता हो माझा. दिलदार आहात."

"छे, छे," मी म्हणालो. लोकांना तो विनय वाटला.

घरी दार उघडताच बायकोने विचारलं, "जिंकलात?"

"बरोबरी झाली."

"म्हणजे ते भारी पडत होते?"

"नाही. हरत होते."

"मग दिलीत कशाला?"

मी खाली वाकलो. बुटाची गाठ घट्ट बसली होती. ती सोडवायला मी पुष्कळ वेळ लावला.