राजमतीचा डावा गाल

राजमतीच्या डाव्या गालावर नागीण उठली. फोड वाळले, डागही फिके पडले, आग मात्र गेली नाही. वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात सुऱ्या खुपसल्यागत व्हायचं. समडोळी गावात कुणाचंही न ऐकणारी ही बोलकी बाई हळूहळू हातवाऱ्यांवर आली. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. पण एकेक घास चावता चावता उजेड संपायचा आणि ती अर्ध्या भाकरीवरून उठायची. मग तिचे मालक बाळगोंडाही आपलं ताट बाजूला सारायचे.

गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. शेवटी मिरजेच्या एका दवाखान्यात डॉक्टर रेश्मांनी नवा उपाय सुचवला, डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे.

"शॉक हाय काय?" बाळगोंडांनी घाबरून विचारलं.

"नाही काका. भूल नाही, कापाकापीही नाही. दुखणं दाबणारी रसायनं आपला मेंदू स्वतःच बनवतो. मावशींच्या मेंदूत ती नीट सुटत नाहीत. ठोक्यांनी ती सोडवणारा भाग जागा झाला, की तिथून खाली निरोप जातो आणि दुखण्याची वर्दी वाटेतच अडते. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून बघू."

राजमतीनं गालाला हात न लावता, ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं, "म्हंजे औषध माझ्याच डोक्यात हाय? आन आमी मेडिकलात हेलपाटे घालतोय!"

खुर्चीत बसवून डॉक्टरांनी तिच्या डोक्याच्या उजव्या बाजूला चुंबकाचं कडं टेकवलं. टक्! तिच्या डाव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला.

"आवं, म्या न्हाई हलवला!" ती ओरडली.

"बरोबर जागा सापडली," डॉक्टर हसल्या. "डावं अंग मेंदूची उजवी बाजू चालवते. आता ठोके जरा हलके करते." आणि सुतारपक्षी झाड टोचत बसावा तशी टकटक सुरू झाली.

रविवार सोडून रोज दोघं एसटीनं मिरजेला येऊ लागली. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही. बाळगोंडा मनातून खचले. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी राजमतीनं तोंडावर पाणी मारलं आणि ती तशीच थबकली. पुन्हा मारलं. मग हसत सुटली. गाल थोडा चुरचुरत होता, पण सुऱ्या नव्हत्या.

शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "पूर्ण गेलं असं समजू नका. अधूनमधून पुन्हा यावं लागेल."

"येऊ की!" राजमती म्हणाली. "लांब हाय व्हय मिरज?"

परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीची काच सरकवली आणि वारा सरळ गालावर घेतला. मग तोंडाचा पट्टा सुटला. बाळगोंडांचा सदरा किती मळलाय, म्हशीला वेळेवर पाणी का दाखवत नाहीत, धाकट्या जावेनं लोणच्यात मीठ कसं जास्त घातलं, एकामागून एक. बाळगोंडा गालातल्या गालात हसत होते.

"हसताय काय? मी बोलतीया न्हवं!"

"बोल की. लय दिसांनी शिव्या खातोय."

सांगलीच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरल्यावर त्यांनी बिनलसणाचं भडंग घेतलं. बाकावर बसून ती दोन्ही गालांनी कुरुमकुरुम चावत होती, मधूनमधून बोलत होती. समोरून समडोळीची गाडी निघून गेली.

"आवं, गाडी!"

"जाऊ दे," बाळगोंडा म्हणाले. "दुसरी येतीया. तू लोणच्याचं सांग."